माझा भाऊ लुओंग, हत्तीदळाचा सरदार

कोन नदीच्या काठानं कुठंही उभे राहा आणि ता घराण्याचं गुऱ्हाळ विचारा. आंधळासुद्धा बोट दाखवील, वासावरून. आमच्या गुळाची ढेप फोडली की आत कशी सोनेरी रवाळ निघते, ते बघायला वरच्या डोंगरातली माणसं उतरून येतात. मी ता खाम, या घरातला थोरला. गुळाबद्दल मी दिवसभर सांगू शकतो, पण आज माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगतो. त्याच्याबद्दल गावात जे बोलतात ते अर्धवट असतं, आणि त्यातलं निम्मं चूक. पूर्ण मलाच ठाऊक.

नवा राजा आल्यापासून पहिल्या राजवटीचं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही. मी घेतो. जरा हळू घेतो, पण घेतो. माझा भाऊ त्या राजवटीच्या हत्तीदळाचा सरदार होता. आमचा गावप्रमुख म्हातारा फुंग म्हणतो, "सरदार कसला रे खाम, हत्तींचा मुकादम म्हण." त्याला म्हणू दे. त्याच्या घराण्यात शेळ्यांचासुद्धा मुकादम झाला नाही कोणी.

लुओंग लहानपणी अगदीच किडकिडीत. बोलायला उशिरा शिकला. मी त्याच्या वाटचंही बोलायचो, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. आमच्या चरकाला रेडे आणि म्हशी जुंपायचे, अजून जुंपतो. तीन लाकडी लाटा, म्हणजे जाड रूळ, उभ्या फिरतात, मधे ऊस सारायचा, जनावर गोल गोल चालतं. बाबांच्या वेळी एक म्हातारी म्हैस होती. बाबांनी तिला कधी काठी लावली नाही. तिला ते मावशी म्हणायचे. थांबवायची असली की म्हणायचे, "मावशी, दम घे." ती थांबायची. चालवायची असली की, "मावशी, चल माहेरी." आणि उलटी फिरवायची असली की, "मावशी, मागं काय विसरलं?" बाकीचे लोक आपल्या जनावरांना था, वी, हो असं ओरडतात, जगात सगळीकडे तसंच ओरडतात. आमच्याच घरी हे असं. सगळं गाव हसायचं. पण पुढं आमच्या सगळ्या जनावरांना तेवढंच कळायला लागलं.

मग वरच्या खोऱ्यातल्या तिघा भावांनी बंड केलं, तीच पुढं पहिली राजवट झाली. जुने मानकरी पळाले, आणि त्या भावांची फौज डोंगरातून नदीकाठी उतरली. बरोबर हत्ती. आम्ही एवढे हत्ती एका जागी कधी बघितले नव्हते. त्यांच्या तळाला वारा आमच्या उसाच्या फडाकडून लागत होता, म्हणजे पुढं काय होणार ते सांगायला नको. सकाळी एक हत्तीण दावं तोडून सरळ आमच्या उसात शिरली. माहूत मागून बोंबलत येतोय, बायका पोरं घेऊन पळताहेत. मी अत्यंत धीरानं नारळाच्या झाडावर चढलो, कारण कोणीतरी वरून नजर ठेवणं गरजेचं होतं. आणि वरून मला दिसलं, आमचा लुओंग उसाच्या वाढ्यांची मोळी हातात घेऊन तिच्या वाटेत उभा.

तो म्हणाला, "मावशी, दम घे."

हत्तीण थांबली. तिचं पोट भरलं होतं म्हणून थांबली असंही लोक म्हणतात. मी वर होतो, मला सगळं दिसत होतं. ती त्याच्या बोलण्यानं थांबली.

माहुतांच्या नायकानं त्याला तिथल्या तिथं मागून घेतलं. टेटचा, नव्या वर्षाचा सण नुकताच झाला होता, अंगणात अजून पिवळी फुलं होती. मीच त्याला हो म्हणालो, कारण बाबा तोवर गेले होते आणि घरातला थोरला मी. लुओंगला गुळाची एक ढेप केळीच्या पानात बांधून दिली आणि सांगितलं, "आपल्या घराण्याचं नाव राख." तो म्हणाला, "दादा, हत्तीला आपलं घराणं कळतं का?" मी म्हणालो, "कळेल, तू सांग."

त्यानं सांगितलंच म्हणायचं. आधी माहूत, मग माहुतांचा नायक, मग एका अख्ख्या तांड्याचा सरदार. रानातून धरून आणलेला प्रत्येक हत्ती त्याच्या हाताखालून जायचा आणि प्रत्येकाला तो आमच्या चरकाचीच भाषा शिकवायचा. त्याच्या हाताखालचे मिशाळ सैनिक भर लढाईत तोफेच्या धुरात ओरडायचे, "मावशी, चल माहेरी!" मला हे कळलं तेव्हा मी इतका हसलो की उकळत्या रसाच्या काहिलीत पडता पडता वाचलो.

टेटच्या सुमाराला उत्तरेच्या राजधानीवर जी मोठी चाल झाली, परकी फौज पळवून लावली, तीत लुओंग पहिल्या फळीत होता. फौज इतक्या घाईनं चालली की चूल पेटवायला फुरसत नव्हती. तांदळाचे पापड पाण्यात बुडवून चालता चालता खायचे. आणि त्याबरोबर काय खायचे? आमचा गूळ. म्हणजे त्या विजयात आमच्या घरातली दोन माणसं होती असं मी सांगतो. घरी आला की तो स्वतः काही बोलायचा नाही. अंगणात बसून चरकाच्या लाटांना तेल लावायचा. लोक ऐकायला जमायचे, तर मलाच सांगावं लागायचं, हत्ती कसे धावले, दरवाजा कसा मोडला.

"दादा, तू होतास का तिथं?" तो मधेच विचारायचा.

"तू होतास ना? मग झालं."

"दरवाजा नव्हता पण. मातीचा बांध होता."

"तू गप बस. तुला सांगता येत नाही."

अशाच एका सुट्टीत मी त्याचं लग्न लावलं. शेजारच्या गावात तांदळाचे पापड करणारं घर आहे, त्यांची मुलगी म्येन. कामाला वाघीण आणि तोंडाला त्याहून. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "दादा, तुमची लढाई दर वेळी मोठी होतेय. पुढच्या वर्षी हत्ती आपल्या अंगणात मावणार नाहीत." त्यांना मूलबाळ झालं नाही. तो घरी असायचाच किती दिवस.

मग त्या तिघांतला, उत्तरेची चाल करणारा राजा तरणाताठा गेला. मागं राहिले ते आपसांत भांडत बसले, आणि दक्षिणेचा जुना राजवंश जहाजं घेऊन वर सरकायला लागला. आमच्या किनाऱ्यावरचा क्वी-न्योनचा किल्ला एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. आम्हाला सकाळी उठून फुंगच्या दारावर कुठला झेंडा आहे ते बघावं लागायचं. फुंगकडे दोन्ही होते. लुओंगच्या बरोबरीचे कितीतरी सरदार पलीकडे गेले, नवी पदं घेतली, नवे झगे शिवले. लुओंगलाही बोलावणं होतं. हत्ती दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं.

शेवटचा आला तो पाचव्या महिन्याच्या सणाला. म्येननं आंबवलेला भात केला होता. त्याचे केस कानशिलावर पांढरे झालेले. मी त्याला सरळ विचारलं, "आता तू कोणाचा रे?"

तो म्हणाला, "दादा, मी ज्यांच्याबरोबर हत्ती घेऊन उत्तरेला गेलो होतो, त्यातले अजून थोडे आहेत. ते असेपर्यंत जातो."

"आणि मग?"

"मग येतो. चरकाची मधली लाट झिजलीय, ती बदलायला पाहिजे."

सणाच्या दुसऱ्या दिवशी गेला. म्येन नदीपर्यंत पोचवायला गेली. मी नाही गेलो. थोरल्यानं धाकट्याला पोचवायला जायचं नसतं आमच्यात.

उत्तरेकडं, आपल्याच मुलखातल्या जुन्या सीमेवरच्या लांबलचक भिंतीपाशी शेवटची लढाई झाली आणि पहिली राजवट बुडाली. दक्षिणेचा नवा राजा राजधानीत, फू-स्वानला, गादीवर बसला. आमच्या गावचे काही जण परत आले, काही आले नाहीत. लुओंगचं कोणालाच माहीत नव्हतं. एक म्हणाला, हत्ती घेऊन डोंगरात निघून गेला. एक म्हणाला, नाव बदलून नव्यांकडे नोकरीत आहे. दोन्ही मला पटलं. मेला असं जो म्हणाला तो मला पटला नाही.

मी मधली लाट बदलली नाही. लाकूड आणून सावलीत ठेवलं. तो आल्यावर करील, हातानं तो माझ्यापेक्षा बरा होता. हे मी सहसा बोलत नाही. संध्याकाळी काहील उतरली की रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसायचो. लोकांना सांगायचो, वारा येतो इकडून.

म्येन मात्र एक दिवस पापड वाळत घालता घालता थांबली आणि म्हणाली, "दादा, त्यांचं ताट वाढायला पाहिजे."

आमच्यात गेलेल्या माणसाचं दर वर्षी त्याच्या तिथीला ताट वाढतात. वाढलं नाही तर तो उपाशी भटकतो, दुसऱ्यांच्या दारात उष्टं शोधत. तिथी माहीत नसली तर ज्या दिवशी माणूस घरातून निघाला तोच दिवस धरतात. पण जिवंत माणसाचं ताट वाढलं तर ते घरच्यांनीच त्याला मारल्यासारखं. हे सगळ्यांना माहीत आहे, म्येनलाही.

मी म्हणालो, "कोण मेलंय?"

"दादा, तुमच्या हट्टापायी ते उपाशी असतील तर?"

"आणि तुझ्या घाईपायी तो मेला तर? सरदार आहे तो. असा तसा मरत नाही."

"सरदाराला भूक लागत नाही का?"

मी उठून गेलो. तिनं फुंगला मधे घातलं. फुंग संध्याकाळी दारू घेऊन आला आणि गोडीत म्हणाला, "खाम, बाई रोज रडते. वाढ की एक ताट. फक्त सरदार वगैरे म्हणू नकोस. नाव घ्यायचं, हळूच घ्यायचं, जेवायचं, संपलं."

"सरदार म्हणायचं नाही तर मी कोणाचं ताट वाढू? मुकादमाचं?"

"बघ, हे असं. तुला भाऊ पाहिजे की भावाची पदवी?"

त्याची दारू मी त्याला परत दिली. अर्धी राहिली होती.

असं ते चिघळत राहिलं. म्येन माझ्याशी कामापुरतं बोलायची, मला नि माझ्या मुलाला वाढायची, पण माझं ताट जरा जोरात ठेवायची.

मग गाळपाचे दिवस आले. दुपारची वेळ, पाक अगदी हाताशी आलेला, आणि मोठ्या रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं, "मावशी, दम घे!"

मी पाक सोडला. आयुष्यात मी चुलीवर पाक असा सोडला नव्हता. अनवाणी, उघडा, हातात उलथणं तसंच. रस्त्यापर्यंत पळताना मी काय काय ठरवलं. आधी त्याच्या थोबाडीत मारायची. मग म्येनला हाक मारायची. मग फुंगला बोलावून विचारायचं, आता बोल.

रस्त्यावर हत्ती होते, एकामागं एक, नव्या राजाच्या लाल झुली घातलेले. क्वी-न्योनहून फू-स्वानला चालले होते. पुढची हत्तीण उभी होती. तिच्या मानेवर एक दक्षिणेकडचा पोरगेला सैनिक होता, बोंग नावाचा, बाकीचे त्याला त्या नावानं हाक मारत होते. मी प्रत्येक हत्तीवरचं तोंड बघत शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो. लुओंग नव्हता.

"ए काका, तुडवेल ना," बोंग वरून म्हणाला. "आणि ते उलथणं का उगारलंय? आम्ही काय तुझा ऊस खाल्ला नाही अजून."

"तिला काय म्हणालास तू?"

"कोणाला?"

"हत्तिणीला. मावशी."

तो हसला. "मला काय हौस आहे काका? माझी सख्खी मावशी ऐकेल तर जोड्यानं मारील. पण हिला दुसरं काही कळतच नाही. या सगळ्यांना तेच कळतं. मागच्या राजवटीतले हत्ती आहेत."

"तुला कोणी शिकवलं?"

हत्ती पाणी प्यायला थांबले होते, म्हणून तो खाली उतरला. मी त्याला रसाचा तांब्या आणून दिला. पिता पिता त्यानं सांगितलं. हत्ती त्यांच्या हाती लागले, पण कोणाचंच ऐकेनात. दोन माणसं तुडवली. वरून हुकूम आला, माणसाळत नसतील तर सगळे मारून टाका. तेव्हा कैद्यांमधला एक उठला. मागच्या राजवटीचा सरदार. म्हणाला, मारू नका, मी शिकवतो तुमच्या पोरांना.

"नाव काय त्याचं?"

"सांगितलं नाही कधी. गावही नाही. आम्ही विचारलं, मारलंही वरच्यांनी. नाही म्हणजे नाही. सांगितलं असतं तर घरच्यांवर आलं असतं ना काका." बोंगनं तोंड पुसलं. "बोलायचाच कमी. एक भाऊ होता म्हणे त्याला. आम्ही लढायांचं विचारायचो, तर म्हणायचा, ते माझ्या भावाला विचारायला पाहिजे होतं, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगतो."

मी उलथण्यावरचा वाळलेला पाक खरवडत राहिलो.

"मग?"

"मग आम्ही शिकलो."

"आणि शिकल्यावर?"

त्यानं हत्तिणीच्या पायाचा दोर उगाच सोडून परत बांधला. "शिकल्यावर त्याची गरज उरली नाही काका."

"कुठला दिवस होता?"

"आम्हाला त्या दिवशी हत्ती धुवायला नदीवर पाठवलं होतं. परत आलो तर नव्हता. दिवस नाही आठवत. उसाला तुरे आले होते."

हत्तीण सोंड लांब करून माझ्या हाताचा वास घेत होती. माझ्या हाताला गुळाचा वास कायमच असतो. मला तिला म्हणायचं होतं, मावशी, मागं काय विसरलं? ती वळली असती, मला खात्री आहे. सगळी रांग तिच्यामागं वळली असती आणि सरळ आमच्या अंगणात आली असती. आणि त्या पोराला सांगायचं होतं की तो माझा भाऊ, हे आमच्या बाबांचे शब्द, हे गुऱ्हाळ आमचं, तुमच्या राजाचे सगळे हत्ती आमच्या घरची भाषा ऐकतात. असं सांगायला आयुष्यात एकदाच मिळतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

पण मार खाऊन त्यानं जे सांगितलं नाही, ते मी कसं सांगू? बोंगला उसाची एक मोळी दिली. तो म्हणाला, "काका, तुझा रस फार गोड." मी त्यावरही काही बोललो नाही. त्याला कळलं नसेल, पण माझ्या गावातलं कोणी तिथं असतं तर धावत जाऊन वैद्य आणला असता.

हत्ती गेले. धूळ खाली बसेपर्यंत मी उभा होतो.

घरी आलो तर पाक करपून काळा झाला होता आणि म्येन काहील ओढून बाजूला करत होती. माझ्याकडे बघितलं आणि तिचे हात थांबले. मी तिला सांगितलं, सगळं, जसं ऐकलं तसं. काही वाढवलं नाही. ती खाली बसली. म्हणाली, "भुकेले असतील किती दिवसांचे."

"तुरे आले होते म्हणाला. तिथी माहीत नाही."

"मग निघाले तो दिवस धरायचा."

"टेटच्या नंतरचा," मी म्हणालो. "पिवळी फुलं होती अंगणात. मी गूळ बांधून दिला तो दिवस. मीच पाठवला त्याला."

म्येननं डोळे पुसले. "दादा, त्या दिवशी गेले ते परत आले होते ना. ज्या दिवशी गेले आणि परत आले नाहीत, तो दिवस धरायचा असतो."

पाचव्या महिन्यातला सणाचा दुसरा दिवस ठरला.

त्या दिवशी म्येननं पहाटेपासून रांधलं. मासे, डुकराचं मांस नारळाच्या पाण्यात शिजवलेलं, तांदळाचे पापड, आणि बान-इत, आमच्याकडचे केळीच्या पानातले काळे चिकट गोळे, आत खोबरं आणि माझा गूळ. या गोळ्यांशिवाय आमच्यात ताट पूर्ण होत नाही. फुंग धुतलेला झगा घालून आला. दाराबाहेर कोणी नाही बघून त्यानं दार स्वतःच लोटलं.

थोरल्यानं धाकट्यापुढं वाकायचं नसतं, म्हणून उदबत्ती माझ्या मुलानं लावली, नमस्कारही त्यानंच केले. पण बोलावणं करायचं ते घरातल्या थोरल्यानं. त्यात गेलेल्याचं नाव घ्यायचं, हुद्दा सांगायचा, कुठल्या दिवशी गेला ते सांगायचं, मग जेवायला बोलवायचं. फुंग माझ्याकडे बघत होता. त्याचा घाम मला दिसत होता. त्याला वाटलं असणार, आता हा सुरू होणार, हत्ती, उत्तरेची चाल, मोडलेला दरवाजा, आणि रस्त्यावरून जाणारा कोणीतरी ऐकणार.

मी म्हणालो, "लुओंग, ये. ताट वाढलंय."

फुंग हळूच म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच. घरी आलाय तो. घरी काय पदवी सांगायची?"

उदबत्ती जळत राहिली. जळून संपली की ताट खाली घेतात आणि घरचे जेवतात. आमच्या घरात मी जेवायच्या काड्या उचलल्याशिवाय कोणी घास घेत नाही, बाबा गेल्यापासून तसंच आहे. उदबत्ती संपली. राख पडली. म्येननं ताट खाली घेतलं, सगळ्यांना वाढलं, माझ्यापुढं वाडगा ठेवला, त्या दिवशी हळू ठेवला. सगळे माझ्याकडे बघत बसले. मासा गार होत होता. फुंगच्या पोटात आवाज झाला.

"दादा, घ्या ना," म्येन म्हणाली.

मी म्हणालो, "थांब जरा. त्याचं होऊ दे. त्याला सावकाश जेवायची सवय आहे."